वरणात मीठ कसं होतं?

अक्का, तुला इतका वेळ एका जागी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवूनच निरोप देतात हे मला ठाऊक होतं, पण तुझ्या बाबतीत ते जरा अतीच वाटलं. अंगणात भिंतीला टेकवलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचे हार, आणि तू स्वस्थ. आरोग्य खात्याची आशाताई म्हणून गावभर पायाला भिंगरी लावून फिरलेली बाई! शेजारची सरुबाई रडता रडता माझ्या कानात म्हणाली, "आता उठंल बघ, आन् म्हनंल, सरे, लोहाच्या गोळ्या घेतल्या का गं?" मला हसू फुटलं. मी ओढणी तोंडावर धरली. लोकांना वाटलं, पोरगी रडून राहिली. तू गेल्यानंतरचं माझं पहिलं खोटं ते.

खोट्याचा विषय काढते, कारण मला तेच लिहायचंय. त्या साथीच्या उन्हाळ्यात मी तुझ्याशी तीन दिवस खोटं बोलले होते. ते कबूल करायचं राहून गेलं. पुण्याहून दर सुट्टीत येताना लातूर सोडलं की ठरवायचे, आज सांगायचं. आष्टामोडपर्यंत वाक्यं जुळवायचे. गावच्या फाट्यावर तू स्कूटी घेऊन उभी असायचीस, "आल्या का मॅडम?" म्हणायचीस, आणि जुळवलेली वाक्यं बसमध्येच राहायची.

नात्यानं तू माझी चुलती, पण सगळं गाव अक्का म्हणायचं म्हणून मीही म्हणायचे. तरी साथ येईपर्यंत आपली फारशी ओळख नव्हती. मी लातूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, मग पुण्याला. हॉस्टेल बंद झालं म्हणून गावी आले, ती घराच्या आतच राहिले. कोणी विचारलं कसं चाललंय, तर छान. जेवण कसं झालं, छान. पुणं कसं आहे, छान. एकदा तू आईला माझ्यासमोरच म्हणालीस, "हिचं छान म्हंजे दाराला कुलूप हाय बाई. आत काय ठेवलंय, कुनाला दिसत न्हाई." मी त्यावरही हसून मान हलवली. छान.

आणि एका सकाळी तूच फोन घेऊन आलीस. "मॅडम, हे काय म्हणून राहिलं ते सांग जरा."

फोनमध्ये घरोघरच्या पाहणीचा फॉर्म होता. मराठीतच होता, पण तसली मराठी गावात कोणी बोलत नाही. 'श्वसनास त्रास', 'गंधज्ञान कमी होणे.' तू बाराखडीवरून बोट फिरवावं तसं वाचत होतीस. गंधज्ञान म्हणजे काय ते तुला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. तू मला बघितलंस, मी तुला. तू आधी हसलीस. माझ्या माहितीप्रमाणे आपली दोस्ती तिथून सुरू झाली.

त्या फॉर्मच्या पहिल्याच रकान्यावर आपलं भांडणही सुरू झालं. रकाना जिल्ह्याचा. मी लातूर निवडलं. तू म्हणालीस, "थांब. माझा जन्म उस्मानाबाद जिल्ह्यातला. लग्न लातूर जिल्ह्यात. माहेर-सासरात अंतर चार कोस! आता उदगीरचा नवा जिल्हा करून राहिले म्हनं, म्हंजे मरन उदगीर जिल्ह्यात. बाई जाग्यावर, जिल्हेच फिरून राहिले." मी म्हणाले, काय फरक पडतो. तू कमरेवर हात ठेवलास. "फरक? दाखल्याला कुठं जायचं, दवाखान्याला कुठं जायचं, मोर्चाला कुठं जायचं, हा फरक." मग रोज तेच. तू म्हणायचीस पुढच्या वर्षी होतोच बघ, मी म्हणायचे होत नाही. अक्का, तू लातूर जिल्ह्यातच गेलीस. ही पैज मी जिंकले. जिंकून काही फार बरं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मी फॉर्म जसाच्या तसा वाचला. आपल्या घरात कोणास ताप, कोरडा खोकला, घसादुखी, अंगदुखी, थकवा, धाप लागणे, वास अथवा चव न येणे अशी लक्षणे आहेत का? सगळ्या घरांतून एकच उत्तर. "न्हाई. समदे खुशाल हाव." एका घरात बाई दारात 'न्हाई' म्हणत होती आणि आत पडद्यामागं कोणीतरी ढास लागून बेजार झालं होतं. तू शांतपणे विचारलंस, "मग आत टीव्ही खोकून राहिला का गं?" तरी ती न्हाईच म्हणाली. लोकांचं भय मला कळत होतं. गल्लीला बांबू लागतील, माणसाला गाडीत घालून नेतील, आणि नेलेला परत येईल की नाही कुणी सांगायचं.

संध्याकाळी तू ओट्यावर पाय चोळत म्हणालीस, "असं इचारल्यावर मी बी न्हाईच म्हनंन. लक्षणं काय इचारायची असतात? लक्षणं काढून घ्यायची असतात."

दुसऱ्या दिवसापासून तू फॉर्म माझ्याकडे ठेवलास आणि दारात उभी राहून फक्त गप्पा मारल्यास. बायकांना एकच प्रश्न. "आज वरणात मीठ कसं होतं गं?" चांगली असलेली बाई लगेच सांगायची, जास्त झालं, कमी झालं, सासू बोलली. जिची चव गेलेली असायची ती घुटमळायची. "काय की अक्का. खाल्लं समद्यांनी." मग तू माझ्याकडं न बघता डाव्या हातानं चुटकी वाजवायचीस, आणि मी चवीच्या रकान्यात खूण करायचे. तंबाखू खाणाऱ्यांना विचारायचीस, "चुना भाजून राहिला का तोंडात?" म्हाताऱ्यांना म्हणायचीस, "नातवंडांची नावं घ्या बरं एका दमात." सात नातवंडांची आजी चौथ्यावर अडकली, की तू पिशवीतून ऑक्सिजन मोजायचा, बोटाला लावायचा चिमटा काढायचीस.

हात धुवायचं शिकवणं तर मी कधी विसरणार नाही. वरून सूचना होती, नळ सोडून वीस सेकंद हात धुवा. तू म्हणालीस, "वीस सेकंद! टँकरच्या सालात तेवढ्या पान्यात आम्ही आंघोळ करून लुगडं धुतलं." मग तुझी पद्धत. शाळेमागच्या शेवग्याच्या आळ्यात सहा पोरं गोल उभी करायची, आधी साबण, मग एक तांब्या सहा जणांत, बारीक धारेनं. एक थेंब बाहेर नाही. यंदा पुन्हा टँकर सुरू झालेत, पण तो शेवगा हिरवागार आहे. त्याची भाजी तुझ्या तिसऱ्या दिवशीच्या पंगतीत होती.

पंगतीवर येते. त्याआधी कंडक्टर मामा.

मामा एसटीतून निवृत्त झालेले, ओट्यावर बसलेले, आणि आयुष्य लातूर–नांदेड गाडीवर काढलेलं. तू त्यांना नातवंडं विचारली नाहीस. तू विचारायचीस, "मामा, सुटली का गाडी?" मामा छाती भरून घ्यायचे आणि एका दमात सोडायचे, "लातूर, आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड, नांदेड! उतरा आता." रोज नांदेड. आपण पुढच्या घरी.

एका दिवशी गाडी अहमदपूरला थांबली.

मामा हसले. "चहाला थांबलो जरा."

तू हसली नाहीस. "मामा, तुमची गाडी चहाला शिरूरला थांबायची. अहमदपूरला कधीच न्हाई." चिमटा लावला. आकडा बघून तू चिमटा माझ्याकडं वळवलास. मामा म्हणाले, "मी जानार न्हाई अक्का. तिकडं गेलेला येत न्हाई." तू म्हणालीस, "जायचं-यायचं दोन्ही तिकीट काढते. तुमच्याच गाडीत सुट्ट्या पैशाऐवजी गोळी खाऊन लहानाची मोठी झाले मी, फसवीन का?" दवाखान्याची गाडी गल्लीत येत नव्हती. तू त्यांचा हात खांद्यावर घेतलास आणि मुख्य रस्त्यापर्यंत चालवत नेलंस. मी मागून त्यांची पिशवी घेऊन, चार हात लांब.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आई तव्यावर मिरच्या भाजत होती. बाबा खोकत अंगणात पळाले, मांजर पळालं, आई डोळे पुसत होती. मी चुलीजवळ उभी होते आणि मला कसलाच वास येत नव्हता. मी मिरचीवर वाकले. काहीच नाही. जणू कोणी मिरचीचं चित्र भाजत होतं.

अक्का, मला ती यादी पाठ होती. शंभर घरांत माझ्याच बोटानं त्या रकान्यात खुणा केल्या होत्या. तरी मी गप्प राहिले. बाबांचं दुकान बंद होईल. लोक म्हणतील, पुण्याहून आली आणि घेऊन आली. ही कारणं खरी आहेत, पण त्यांच्या खाली एक आणखी खरं कारण आहे. मला काहीतरी होतंय, हे वाक्य मी तोपर्यंत कधीच कुणाला म्हटलं नव्हतं. ते कसं म्हणतात ते मला येत नव्हतं. मी दोन मास्क लावले आणि तुझ्या स्कूटीवर मागे बसले.

त्या दिवशी दोनच घरं झाली. मग तू म्हणालीस, घरी चल, चहा घेऊ. तुझ्या अंगणात अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, चहा आणून दिला. मी एका टोकाला, तू दुसऱ्या. तू विचारलंस, "कसा झालाय?"

"छान," मी म्हणाले.

तू माझ्याकडं जरा वेळ बघितलंस. "बरं," म्हणालीस.

आणि लगेच म्हणालीस, उद्यापासून तू फिरू नको, तुमच्या वरच्या खोलीत नेटवर्क चांगलं येतं, मी फोनवर नावं सांगते, तू तिथं बसून भर. आईला जाऊन सांगितलंस, पोरीला डोकं शांत पाहिजे, ताट वर जिन्यावर ठेवत जा, कुणी मधे मधे जाऊ नका. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाईटही वाटलं. वाटलं, मी हळू लिहिते म्हणून तू मला काढलंस.

संध्याकाळी तू खाली अंगणात उभी राहून हाक मारलीस. दोरीला पिशवी, पिशवीत चिमटा. "हे मशीन बिघडलंय वाटतं गं. तुझ्या बोटाला लावून आकडा सांग." मी सांगितला, सत्त्याण्णव. "मग बरं चालून राहिलं की." आणि जाता जाता, मान वर करून, "वरणात मीठ कसं होतं?"

"छान."

दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा बिघडलं. तिसऱ्या दिवशीही. इतकं शिकून मला खरंच वाटलं की सरकारी मशीन आहे, बिघडत असेल. मीठ कसं होतं? छान. चौथ्या दिवसापासून तू मिठाचं विचारणं सोडलंस. मशीन मात्र बिघडत राहिलं.

सहाव्या दिवशी तुला ताप आला. दोन दिवसांनी धाप. मी गच्चीच्या कठड्याला धरून बघत होते. तू गाडीत चढताना पायरीवर थांबलीस, वर बघितलंस आणि ओरडलीस, "मॅडम, यादी पुरी कर! खालच्या आळीची सोळा घरं ऱ्हायलीत." तेवढं ओरडून तुला खोकल्याची ढास लागली. मी कठड्यावर बोटं मोजत होते. स्कूटीचा दिवस, दोन, तीन, चार, पाच, सहा. त्या दिवसापासून मी ती बोटं मोजणं थांबवलेलं नाही.

उदगीरच्या दवाखान्यात तू आणि मामा एकाच हॉलमध्ये होतात. मामा सांगतात, ऑक्सिजनची नळी नाकात असतानाही तू समोरच्या खाटांवरच्या माणसांना त्यांच्या त्यांच्या गावच्या बसचे थांबे म्हणायला लावायचीस. देगलूरचा एक जण तेलुगूत म्हणायचा, तुला एक अक्षर कळायचं नाही, तरी तू त्याला सांगायचीस, "आज दोन गावं जास्त गेलास बघ." मामा अकराव्या दिवशी परत आले. तू त्यांच्यानंतर चार दिवसांनी.

मी तोवर खालची सोळा घरं फोनवरून पुरी केली होती. एका दुपारी जिन्यावरून भाजत्या भाकरीचा वास वर आला आणि मी पायरीवर बसून रडले, पण ते तुला सांगायचं तर आधी वास गेला होता हे सांगावं लागलं असतं.

मामांची गाडी दसऱ्यापर्यंत नांदेडला पोचली. तुझी कधीच पोचली नाही. तू लोह्याला थांबायचीस. हनुमंताच्या देवळाच्या चढावर कमरेला हात लावून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "आपलं तिकीट लोह्यापर्यंतच. पुढं निवांत पायी जाऊ." सगळे हसायचे. मी बोटं मोजायचे. दोनदा मी विषय काढला, अक्का, तुला ते कुणाकडून. दोन्ही वेळा तू मध्येच म्हणालीस, "आधी जेव. मग बोल." जेवल्यावर माझा धीर संपलेला असायचा. मला नेहमी वाटायचं, सुट्ट्या पुष्कळ आहेत.

आता पंगत. दुखवट्याच्या घरी जेवणाला नाव ठेवत नाहीत, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. मी तर कुठल्याच घरी ठेवत नाही. ओळीत मी, माझ्या शेजारी सरुबाई, समोर मामा. अण्णा स्वतः वरणाची बादली घेऊन वाढत होते. माझ्यासमोर आले, पळी ओतली, आणि सवयीनं असेल, तुझ्या घरातलं वाक्य म्हणून असेल, म्हणाले, "मीठ कसं हाय पोरी?"

माझ्या तोंडात छान आलेलं होतं, अक्का. अगदी दातांपाशी.

"कमी आहे, अण्णा," मी म्हणाले.

सगळी ओळ माझ्याकडं बघायला लागली. सरुबाईनं मला कोपरानं ढोसलं. पण कुलूप एकदा निघालं की काय होतं ते मला माहीत नव्हतं. मी सगळंच सांगून टाकलं. मिरचीचा वास आला नाही ते. स्कूटी. तीन दिवस. "अण्णा, अक्काला माझ्यामुळंच झालं," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच नवीन होतं.

अण्णांनी बादली खाली ठेवली. "चहात साखर न्हवती," म्हणाले.

"कुठल्या?"

"त्या दिवशीच्या. तिनंच मला डोळ्यानं खुनावलं, घालू नका म्हनून. बिनसाखरेचा चहा पिऊन तू म्हनलीस छान." अण्णा मिशीत हसले. "तू गेल्यावर मी म्हनलो, अगं मग सांग की तिला तोंडावर. तर म्हनली, ऱ्हाऊ द्या. तिला वर ठिवते, रोज बघते. कुलूप तोडलं की दार बी बिघडतंय. किल्ली तिच्यापाशीच हाय, उघडंल कवातरी."

मशीन बिघडलं नव्हतं. नेटवर्क खालीही चांगलंच होतं. अक्का, तू तेवढ्या घाईत माझ्यासाठी इतकं खोटं बोललीस, आणि मी माझंच एक धरून बसले होते.

"पण स्कूटीवर तर बसले होते ना मी," मी म्हणाले.

समोरून मामा म्हणाले, "आन् मी? मी आदल्या दिवशी तिच्या खांद्यावर मान टाकून खोकत गेलो रस्त्यापस्तोर. इतकी वर्षं मी ह्येच धरून बसलोय, की माझ्याकडनं गेलं."

"तुमचं काय घेऊन बसलात मामा," सरुबाई घास खाली ठेवून म्हणाली. "त्याच हफ्त्यात माझ्या पोराचा ताप तिनं मांडीवर घेऊन उतरवला. टीव्ही खोकतोय का म्हनून तिनं इचारलं, तरी मी न्हाईच म्हनलेली."

पलीकडून आणखी कुणीतरी म्हणालं, आमच्या घरी तर पाणी प्यायली होती. त्याच्या पलीकडून आणखी एक. अक्का, तुला सांगते, आठ-दहा जणांची ती ओळ, आणि प्रत्येक जण तुझ्या आजाराचा एकटा मालक होऊन बसला होता. आम्ही एकमेकांकडं बघितलं. आधी मामा हसले. मग सगळेच. दुखवट्याच्या पंगतीत इतकं मोठ्यानं हसलेलं तुझ्याशिवाय कुणी खपवून घेतलं नसतं.

मी अजूनही कधीतरी बोटं मोजेन. पण आता मला ठाऊक आहे की माझ्यासारखीच आणखी माणसं मोजत बसलेली आहेत, आणि त्यांतलं कुणीच एकटं खरं नाही.

हसणं ओसरल्यावर मामांनी हात पुढं केला. "मीठ द्या इकडं," म्हणाले. "पहिल्या घासापासून अळणी लागून राहिलंय."

अण्णांनी मिठाची वाटी आणली. मामांनी घेतलं, सरुबाईनं घेतलं, वाटी हातोहात सरकत ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि रिकामी होऊन परत आली. सगळ्यांनाच कमी लागलं होतं. कुणीच बोललं नव्हतं.

मी चिमूटभर घालून वरण कालवलं आणि खाल्लं. अक्का, आता बरोबर आहे.